सोलापूरसाठी वर्षभराचं आकाश: जेनडेएमटीएक्सचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

उजेडाचं गणित करणाऱ्या रेडियन्स या सॉफ्टवेअर पॅकेजमधलं जेनडेएमटीएक्स एकच काम करतं. हवामान फाइल दिली की वर्षाच्या ८७६० तासांचं आकाश एका मॅट्रिक्समध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) मांडून देतं. इमारतींच्या उजेडाचा हिशेब करणारी हनीबीसारखी साधनंही पडद्यामागे तेच चालवतात. चिंचोली आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये दिवसाचा उजेड किती मिळेल हे काढण्यासाठी आम्ही गेले काही महिने ते थेट कमांड लाइनवरून वापरतोय. साधन पक्कं आहे, झटपट आहे, फुकट आहे. फक्त दिलेल्या वेळेवर आणि रेखांशावर ते डोळे झाकून विश्वास ठेवतं, आणि सोलापुरात नेमकं तिथेच पाणी मुरतं.

आधी फाइल. हवामान फायलींच्या संग्रहात आपलं शहर ‘शोलापूर’ या जुन्या स्पेलिंगने शोधावं लागतं. स्थानक क्रमांक ४३११७. ईपीडब्ल्यू (तासागणिक हवामानाच्या) फाइलच्या पहिल्या आठ ओळी माहितीच्या असतात, त्यानंतर तासागणिक एक ओळ. उजेडासाठी कामाचे रकाने तीन: १४वा आडव्या पृष्ठभागावरचा एकूण सौर किरणांचा, १५वा थेट सूर्यकिरणांचा, १६वा विखुरलेल्या किरणांचा. यातले आकडे सोलापुरात यंत्राने मोजलेलेच असतील असं गृहीत धरू नका. बऱ्याच फायलींमध्ये ते ढगांच्या नोंदींवरून गणिताने काढलेले असतात. म्हणून एक ताळा करावाच: थेट किरणं गुणिले सूर्याच्या उंचीची साइन, अधिक विखुरलेली किरणं, हे उत्तर १४व्या रकान्याच्या जवळ यायला हवं. सूर्योदय-सूर्यास्ताच्या तासांत थोडा फरक पडणारच. दुपारी फरक पडला तर फाइल बाजूला ठेवा.

ईपीडब्ल्यूपासून डब्ल्यूईए फाइल (जेनडेएमटीएक्स वाचतं ती) करताना खरी मेख आहे. या फाइलमध्ये पश्चिम रेखांश धन मानतात, त्यामुळे आपला रेखांश उणे ७५.९ आणि प्रमाणवेळेचा उणे ८२.५ असा लिहावा लागतो. एकाच आकड्याचं चिन्ह चुकलं तर भर दुपारी रात्र दिसते आणि चूक लगेच पकडली जाते. दोन्हींचं चुकलं तर मात्र ती लपून राहते. सोलापुरात सरासरी मध्यान्ह घड्याळाच्या १२:२६ ला होते. दोन्ही चिन्हं उलटी झाली की साधन ती ११:३४ ला धरतं. जवळजवळ ५३ मिनिटांचा घोळ, आणि तरी फाइल बिनबोभाट चालते. उत्तरेकडच्या काचेवर वर्षाची बेरीज फारशी हलत नाही, म्हणून तिथेही कळत नाही. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या आणि शिफ्टच्या वेळा मात्र पार चुकतात.

दुसरी अडचण अर्ध्या तासाची. ईपीडब्ल्यूमधला आकडा मागच्या पूर्ण तासाचा असतो, त्यामुळे डब्ल्यूईएमध्ये वेळ ०.५, १.५, २.५ अशी तासाच्या मध्यावरची हवी. स्वतः स्क्रिप्ट लिहून १ ते २४ अशी वेळ टाकली की सूर्य साडेसात अंश पुढे सरकतो. उपग्रहावरून काढलेला डेटा बहुधा जागतिक वेळेत येतो आणि आपला साडेपाच तासांचा फरक तासाच्या चौकटीत बसत नाही. तिथे आकडे ओढूनताणून सरकवू नका. प्रमाणवेळ ० ठेवा, रेखांश उणे ७५.९ ठेवा, गणित जागतिक वेळेतच होऊ द्या आणि शेवटी निकाल वाचताना भारतीय वेळ लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आकाशाचे तुकडे. पेरेझ यांचं १९९३ चं सर्व-हवामान मॉडेल प्रत्येक तासाच्या किरणांवरून आकाशाच्या तेजाची वाटणी ठरवतं आणि जेनडेएमटीएक्स ती पॅचमध्ये, म्हणजे आकाशाच्या तुकड्यांमध्ये, भरतं. आकाश किती बारीक कापायचं ते -एम सांगतं. -एम १ दिलं तर ट्रेगेन्झाच्या विभागणीतले १४५ पॅच आणि एक जमिनीचा. -एम ४ दिलं तर २३०५ अधिक एक. सूर्य मात्र एका बिंदूवर राहत नाही, त्याची ऊर्जा जवळच्या चार पॅचमध्ये वाटली जाते. युरोपातल्या उतरत्या सूर्यासाठी हे खपून जातं. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला शून्य सावली दिवस येतो, म्हणजे वर्षातला मोठा काळ दुपारचा सूर्य डोक्याच्या आसपासच असतो. १४५ पॅचच्या आकाशात माथ्यावर एकच गोल पॅच आहे, साधारण १२ अंश रुंद, आणि त्याचा अर्धा भाग उत्तरेला पडतो. एप्रिलच्या शेवटी सूर्य अजून दक्षिणेत असतानाही त्याची ऊर्जा या पॅचमध्ये जाते आणि उभ्या उत्तर काचेतून आत ऊन आल्याचं दिसतं. ते ऊन खोटं आहे. असा निकाल पाहून मालकाला जाळी किंवा पडदे लावायला सांगणं म्हणजे त्याचे पैसे पाण्यात घालणं.

उलट बाजूनेही गल्लत होते. ‘नॉर्थ लाइट (उत्तरेकडची काच) म्हणजे ऊन येणारच नाही’ हे शेड बांधणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. सोलापूरचा अक्षांश १७.६७ धरला तर अगदी उभ्या उत्तर काचेवरही साधारण ११ मे ते २ ऑगस्ट या काळात भर दुपारी थेट ऊन येतं. २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला ८४ अंशांवर असतो. काच आडव्याशी ६० अंशांत तिरकी बसवली असेल, आणि करवती छपरात ती बऱ्याचदा तशीच असते, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचं ऊन तिच्यावर पडतं. वर्षातले आठ महिने! मागावर काम करणाऱ्याच्या ताण्यावर हे ऊन थेट पडलं की तुटलेला धागा दिसत नाही. त्यामुळे खरं ऊन आणि खोटं ऊन वेगळं करणं या कामात सगळ्यात गरजेचं आहे.

त्यासाठी आम्ही आता तीन मॅट्रिक्स करतो. पहिलं -एम ४ चं पूर्ण आकाश. दुसरं त्याच -एम ४ वर -डी लावून फक्त सूर्याचं. तिसरं -५ ०.५३३ -डी -एम ६ असं, ज्यात सूर्य आपल्या खऱ्या ०.५३३ अंशांच्या आकारात एकाच जागी बसतो. पहिल्याच्या निकालातून दुसऱ्याचा वजा करायचा आणि तिसऱ्याचा मिळवायचा. दुसरं आणि तिसरं चालवताना भिंती-छप्पर काळे धरायचे आणि परावर्तन बंद ठेवायचं, नाहीतर तोच उजेड दोनदा मोजला जातो. आकाश आणि आरफ्लक्सएमटीएक्स (आकाशाच्या कोणत्या तुकड्यातून शेडमध्ये किती उजेड येतो ते काढणारा प्रोग्राम) या दोन्हींना एकच विभागणी द्यायला विसरू नका. २३०६ ओळींचा १४६ रकान्यांशी गुणाकार होत नाही आणि तो करणारं डीसीटाइमस्टेप तिथेच थांबतं. तेही बरंच म्हणायचं, चूक निदान दिसते तरी.

शेडचं मॉडेल जोडण्याआधी मोकळ्या मैदानात वर तोंड केलेला एकच सेन्सर ठेवून पूर्ण वर्ष चालवा. कॅपिटल ओ आणि १ हा सौर पर्याय घेऊन लाल, हिरवा, निळा या रंगांना ०.२६५, ०.६७०, ०.०६५ ही वजनं दिली की उत्तर ईपीडब्ल्यूच्या १४व्या रकान्याशी जुळलं पाहिजे. जुळलं तर वेळ, चिन्हं, एककं सगळी बरोबर. लक्ससाठी पर्याय ० आणि वजनं ४७.४, ११९.९, ११.६. ही बेरीज जवळपास १७९ होते म्हणून काहीजण किरणांचा आकडा थेट १७९ ने गुणतात. तसं करू नका. दिवसाच्या उजेडाचं प्रमाण प्रति वॉट साधारण ११० ल्युमेनच्या आसपास असतं आणि ते साधन स्वतः हिशेबात धरतं.

बाकी किरकोळ. -एम ४ ची फाइल बायनरीत सुमारे २४२ एमबी होते. मजकूर स्वरूपात ठेवली तर कितीतरी मोठी, म्हणून -ओएफ द्याच. -यू रात्रीचे तास गाळतं, पण मग ८७६० चा क्रम मोडतो आणि शिफ्टचं वेळापत्रक जुळत नाही. आम्ही ते वापरत नाही. जमिनीचं परावर्तन न सांगता ०.२ धरलं जातं. चिंचोलीच्या बाजूला काळी माती आहे, तिथे -जी ला ०.१ द्यावं; सिमेंटचं अंगण असेल तर वाढवावं. मॉडेलमध्येच इमारत फिरवली असेल तर -आर ने आकाश पुन्हा फिरवू नका.

एक मर्यादा मात्र राहते. तासाची सरासरी घेतल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमधले तुटक ढग एका पातळ पांढऱ्या पडद्यासारखे होतात. वर्षाचा उजेड काढायला ते चालतं, पण दिवे आपोआप कमी-जास्त करणारे सेन्सर बसवायचे असतील तर त्यांची चाळवाचाळव त्यात दिसतच नाही. डब्ल्यूईएमध्ये पाच मिनिटांच्या ओळी दिल्या तरी जेनडेएमटीएक्स चालवून घेतं. तेवढ्या बारीक नोंदींसाठी छपरावर सौर किरण मोजणारं यंत्र बसवून एक पावसाळा तरी डेटा गोळा करावा लागतो, आणि त्याच्या लॉगरवर (नोंदी साठवणाऱ्या उपकरणावर) नोंदीची वेळ कालखंडाच्या सुरुवातीची आहे की शेवटची, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं लागतं.