अंगठा न घेता दिलेलं पोटॅश: माझे 5,400 गेले, रताळंही गेलं

शेतीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला विटेचा भुगा आणि मीठ पोटॅश खत म्हणून विकलं गेलं, हे लिहायला लाज वाटते. तरी लिहितो. दोन एकर रताळं होतं, आषाढीच्या बाजारासाठी. चार बॅगा घेतल्या, 1,350 रुपयांनी, एकूण 5,400, रोख. त्या आठवड्यात तालुक्यात पोटॅश मिळत नव्हतं आणि मिळालंच तर सतराशेच्या खाली कोणी बोलत नव्हतं. आता म्हणाल, तीनशे-साडेतीनशे स्वस्त मिळतंय तेव्हाच कळायला हवं होतं. बरोबर आहे. पण लागण तोंडावर होती, वेल कापून सावलीत ठेवले होते. ते किती दिवस थांबणार?

खरं तर मला दुकानातच कळायला हवं होतं. अनुदानाचं खत म्हणजे मशीनवर आधार, अंगठा आणि पावती, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुकानदार म्हणाला, "मशीनला रेंज नाही, मालक. तुम्ही घरचे, अंगठा नंतर बघू." मी खूश! रांग वाचली ना. अंगठा नाही म्हणजे तो माल कंपनीच्या साठ्यातला नसेलही, हे डोक्यातच आलं नाही. अनुदानाच्या खतावर असतं ते 'भारत' ब्रँडचं नाव बॅगेवर नव्हतं, शिलाई हाताची होती. हाताची शिलाई असेल तर शिशाचं सील लागतं. सील कुठं होतं? मी पाहिलंच नाही. (पावती नाही तर खत घेऊ नका. दुकानदार सख्खा मेहुणा असला तरी.)

दुसऱ्यांदा कळायला हवं होतं ते रानात. खत टाकणाऱ्या मावशींचे हात ओले होते. त्या म्हणाल्या, "दादा, हे बोटांना चिकटतंय, चिखलावाणी." मी म्हणालो, दव पडलंय, टाका पटापट. अस्सल पोटॅशचे दाणे ओले झाले तरी एकमेकांना चिकटत नाहीत. पाण्यात टाकलं की विरघळतं आणि तांबडा रंग वर तरंगतो. मी घमेल्यात मूठभर टाकून पाहिलं ते तीन महिन्यांनी. तळाला तांबडा गाळ. चिमूटभर जाळावर टाकलं तर ज्योत पिवळीधमक, म्हणजे मीठ. पोटॅशची ज्योत जांभळट असते. चवीवर जाऊ नका, खरं पोटॅशही खारटच लागतं.

वेल मात्र असा माजला होता की बघणारे वाहवा करत होते. युरिया पोचला होता ना! पानात तयार झालेली साखर खाली कंदात नेऊन भरायला पालाश, म्हणजे पोटॅशमधलं पोषण, लागतं, ते नव्हतंच. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या, तेव्हा मी पाण्याला दोष दिला. काढणीला निघाली बोटाएवढी मुळं. गेल्या वर्षी याच दोन एकरांत 150 क्विंटल, यंदा 88. क्विंटलला 1,500 धरले तरी 93,000 गेले. एक साहेब म्हणाले, हवामानामुळंही घटतं. असेल. पण बांधापलीकडं चुलतभावाचं रताळं होतं, वेल तेच, पाणी त्याच विहिरीचं. त्याला 71 क्विंटल पडलं एका एकरात!

मग कार्यालयांच्या वाऱ्या. पहिला प्रश्न, पावती आहे का? दुसरा, बॅग न फोडलेली आहे का? फोडलेल्या बॅगेचा नमुना चालत नाही म्हणे. अहो, न फोडता रानात कशी टाकायची? पदरचे 850 भरून उरलेलं खत खासगी प्रयोगशाळेत तपासलं. पालाश 60 टक्के हवं, निघालं 3.8. तो कागद साहेबांनी वाचलाही नाही, "हा ग्राह्य नाही." पोलीस म्हणाले, कृषीवाल्यांकडं जा. कृषीवाले म्हणाले, गुणनियंत्रणाकडं अर्ज द्या. अर्ज दिला, पोच घेतली, तीन वेळा आठवण केली. एका बाईंनी तर मलाच विचारलं, "विनापावती खत घेतलंतच का?" चोर सोडून संन्याशाला फाशी. (पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, आणि दर खताची एक तरी बॅग पीक निघेपर्यंत शिवलेलीच ठेवा. परवडत नाही, माहीत आहे.)

शेवटी सात आठवड्यांनी निरीक्षक आले. माझ्या रानात नाही, त्या दुकानात. तिथं असलेल्या बॅगेतून नमुना घेतला आणि तो पास झाला. होणारच. तोवर दुकानात खरा माल आला होता, आणि मशीनला रेंजही.