नवं पुस्तक शोधायला ॲप बरं की ग्रंथालयाचं कपाट?

एका मैत्रिणीची तक्रार: फिरून फिरून रहस्यकथाच हाती येतात, वेगळं कुठे शोधू?

कष्ट वाचवायचे तर ॲप. गुडरीड्सवर (2013 पासून ॲमेझॉनच्या मालकीचं) काही पुस्तकांना तारे दिले की यादी हजर, ताज्या पुस्तकांसकट. पण ती यादी तुमच्या जुन्या आवडीवरच बेतलेली असते. रहस्यकथेला पाच तारे दिलेत, घ्या अजून रहस्यकथा!

कपाटाला तुमची आवड ठाऊकच नसते, हे उलट बरंच. ग्रंथालयांच्या 1876 सालच्या ड्यूई दशांश पद्धतीत प्रत्येक विषयाला क्रमांक असतो, आणि पुस्तकं त्या क्रमाने लागतात. 364 क्रमांकाशी गुन्हेगारीचा अभ्यास, थोडं अलीकडे 340 ला कायदा, 900 च्या पुढे इतिहास. म्हणजे रहस्यकथांचा वाचक चार पावलांत खऱ्या खटल्यांपाशी पोचतो. मलपृष्ठावरची स्तुती सोडा, मधलंच एखादं पान उघडून वाचा. तासभर सहज जातो, नवी पुस्तकं इथे उशिराच येतात, पण फसलात तर पुस्तक परत करता येतं.

आवडत्या प्रकारातलंच पुढचं पुस्तक झटपट हवं असेल तर ॲप पुरे. प्रकारच बदलायचा असेल तर कपाट. मैत्रिणीला सांगितलंय, 364 पासून सुरू कर.