उत्तर कुणासाठी लिहिलं जातं? रेडिट, हॅकर न्यूज, एक्स, मॅस्टोडॉन की ब्लूस्काय

ऑनलाइन चर्चेसाठी नवीन अकाउंट कुठे काढू, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, जिथे गर्दी तिथे जा. मला हा सल्ला पटत नाही. तंत्रज्ञानाच्या बातम्या, राजकारण आणि सिनेमा-मालिका-गेम या तिन्ही विषयांवर मी बरीच वर्षं ऑनलाइन वाद घालत आलोय. जागा निवडताना आता मी आधी एकच गोष्ट बघतो: तिथे दिलेलं उत्तर कुणासाठी लिहिलेलं असतं? समोरच्यासाठी, की आपल्याच फॉलोअर्ससाठी?

रेडिट २००५ साली आलं, हॅकर न्यूज ही प्रोग्रॅमर आणि स्टार्टअपवाल्यांची चर्चेची साइट २००७ साली. दोन्हीकडे चर्चेला झाडासारख्या फांद्या फुटतात. तुम्ही ज्याच्या म्हणण्याखाली कमेंट लिहिता, तिथेच ती राहते. नंतर येणारा वाचक आधी त्याचं म्हणणं वाचतो, मग तुमचं. समोरच्याचं बोलणं तोडून-मोडून दाखवलंत तर दोन ओळी वरच मूळ मजकूर असतो, चोरी लगेच पकडली जाते. एक्स (आधीचं ट्विटर), मेटाचं थ्रेड्स, ब्लूस्काय यांचा कारभार फीडवर, म्हणजे एकामागोमाग एक सरकत येणाऱ्या पोस्टींवर चालतो. तिथेही पोस्टखाली उत्तर देता येतं, पण जास्त पसरते ती कोट-पोस्ट. कोट केलं की समोरच्याचं म्हणणं छोट्या चौकटीत जातं, त्याच्या डोक्यावर तुमचं वाक्य बसतं, आणि ते वाचायला येतात तुमचीच माणसं. म्हणजे लिहिणारा बोलतो एकाला आणि ऐकवतो दुसऱ्यांना.

हा फरक मला एका साध्या चुकीमुळे कळला. फोन रात्रभर चार्जिंगला ठेवला की बॅटरीत गरजेपेक्षा जास्त चार्ज भरला जातो, असं मी ठामपणे लिहिलं होतं. झाडासारख्या चर्चेत तिसऱ्या दिवशी एकाने शांतपणे समजावलं की बॅटरी भरल्यावर चार्जिंगचं सर्किट प्रवाह थांबवतं. खरा त्रास होतो तो उष्णतेचा आणि बॅटरी सतत पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहण्याचा. मी माझ्या कमेंटखालीच दुरुस्ती जोडली. आजही तिथे जो येईल त्याला चूक आणि दुरुस्ती एकत्र दिसते. तेच वाक्य मी एका फीडवरही टाकलं होतं. तिथे ते पुढे पुढे जात राहिलं. मी टाकलेली दुरुस्ती मूळ वाक्य वाचलेल्यांपैकी फारच थोड्यांपर्यंत पोचली असणार. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तंत्रज्ञानाच्या बातम्यांसाठी माझं मत म्हणूनच स्पष्ट आहे: झाड निवडा. २९ मार्च २०२४ चं उदाहरण घ्या. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या डेव्हलपरच्या लक्षात आलं की एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून, लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. शोध घेतल्यावर एक्सझेड या लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मागचा दरवाजा, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, पेरलेला सापडला, आणि तो पेरणारा दोन-अडीच वर्षं भला सहकारी बनून प्रकल्पात वावरत होता. फीडवर या बातमीचं 'लिनक्स हॅक झालं' एवढंच उरलं. हॅकर न्यूजवर मात्र लोक ओळ न् ओळ सोलत होते. कोणत्या आवृत्त्या बाधित आहेत, टेस्टच्या फाइलींमध्ये कोड कसा लपवला, एकट्या थकलेल्या मेंटेनरवर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यावर, दबाव कसा आणला गेला, हे सगळं एकाच पानावर एकमेकांना दुरुस्त करत पुढे जात होतं.

हॅकर न्यूजचे नियमही याला मदत करतात. समोरच्याच्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम अर्थ धरून उत्तर द्या, असं तिथे लिहून ठेवलंय. नव्या माणसाला डाउनव्होटचा, म्हणजे कमेंट खाली ढकलण्याचा, अधिकार नसतो, आधी पुरेसे गुण मिळवावे लागतात. भडक शीर्षकं बदलली जातात. दोष म्हणाल तर स्टार्टअप आणि प्रोग्रॅमिंगच्या जगाबाहेरच्या विषयात तिथली मंडळी कधी कधी फार आत्मविश्वासाने चुकतात. राजकारणाच्या बहुतेक बातम्या तिथे विषयाबाहेरच्या मानल्या जातात, त्यामुळे तिन्ही विषय एकाच छताखाली हवे असतील तर ही जागा तुमची नाही.

मॅस्टोडॉन इथे मध्ये बसतं. २०१६ पासून चालू आहे, एकच मालक नाही, वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले आहेत. फीड आहे, पण वेळेच्या क्रमाने. वर काय आणायचं हे कुठलंही यंत्र ठरवत नाही. कोट-पोस्टमुळे लोकांवर झुंडी सोडल्या जातात, म्हणून त्यांनी ती सोय कितीतरी वर्षं दिलीच नाही. २०२५ मध्ये दिली तेव्हाही आपलं म्हणणं कुणी कोट करायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात ठेवलं. सुरक्षा, मुक्त सॉफ्टवेअर, विज्ञान या विषयांतली खरी काम करणारी माणसं तिथे बरीच भेटतात. फ्रॉइंड यांनीही आपला शोध तिथे सांगितला होता. अडचण सुरुवातीची: सर्व्हर निवडा, माणसं स्वतः शोधा. पहिला आठवडा सुनासुना जातो.

राजकारणाचं गणित वेगळं आहे. नेते आणि पत्रकार अजूनही आधी एक्सवर बोलतात, म्हणून बातमी तिथे लवकर लागते. तिथली कम्युनिटी नोट्स ही सोय मला मनापासून आवडते. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांनी एखादी टीप उपयोगी ठरवली, तरच ती पोस्टखाली दिसते. पण उत्तरांच्या रांगेत पैसे भरणाऱ्यांना पुढची जागा मिळते, त्यामुळे खाली उतरून वाद घालण्यात अर्थ नाही. माझी पद्धत अशी: पंचवीस-तीस जाणत्या लोकांची यादी करायची, ती वेळेच्या क्रमाने वाचायची आणि बाहेर पडायचं. थ्रेड्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये अनोळखी लोकांच्या राजकीय पोस्ट सुचवणं थांबवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू केलं. धोरणच असं उलटसुलट होत असेल तर तिथे राजकीय चर्चेचं घर बांधू नये.

राजकारणावर बोलायचं असेल तर रेडिटवरचे कडक मॉडरेटर असलेले कट्टे (सबरेडिट) शोधा. न्यूट्रलपॉलिटिक्स या कट्ट्यावर एखादी गोष्ट वस्तुस्थिती म्हणून मांडली की स्रोत द्यावा लागतो, नाही तर कमेंट काढली जाते. पहिल्यांदा राग येतो, मग सवय होते. पण रेडिटवरची मतं म्हणजे सत्य नव्हे, हे डोक्यात पक्कं असू द्या. एप्रिल २०१३ मधल्या बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर तिथल्या लोकांनी फोटो चाळून 'गुन्हेगार' शोधायला घेतले आणि निरपराध माणसांची नावं पुढे केली. रेडिटला जाहीर माफी मागावी लागली. अपव्होट म्हणजे 'मला पटलं'. 'मी तपासलं' असा त्याचा अर्थ होत नाही.

ब्लूस्कायवर वेगळं सुख आहे. फेब्रुवारी २०२४ पासून ते सगळ्यांना खुलं झालं. तिथे फीड तुम्ही निवडता, आणि लोकांनी बनवलेल्या फीड्स हव्या तेवढ्या जोडता येतात. कुणी तुमची पोस्ट कोट करून टर उडवली तर तुमची पोस्ट त्याच्यापासून तोडता येते. त्रास कमी होतो हे खरं. पण सारख्या विचारांची माणसं पटकन जमतात, आणि विरोधी बाजू तिच्याच तोंडून ऐकायची असेल तर मुद्दाम शोधावी लागते.

सिनेमा-मालिकांसाठी फार विचार करू नका. नव्या भागावर रेडिटवर स्वतंत्र चर्चा निघतात, तिथे न पाहिलेल्यांनी जायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. शेवट फोडू नये ही काळजी इंटरनेटवर जुनीच आहे. यूजनेट या वेबच्याही आधीच्या चर्चा-जाळ्यावर लोक रॉट१३ वापरायचे, म्हणजे प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं, ज्याला वाचायचं त्याने उलटं करून घ्यायचं. मॅस्टोडॉनवर त्याच कामासाठी मजकूर झाकायची सोय आहे. डिस्कॉर्ड हे गप्पांचं दालन. मालिका चालू असताना सोबत ओरडायला त्याच्याइतकी मजा कुठेच नाही, पण तिथे लिहिलेलं सर्च इंजिनवर सापडत नाही. एखाद्याने तिथे सुंदर विश्लेषण लिहिलं तर दुसऱ्या दिवशी ते गप्पांखाली गाडलं गेलेलं असतं.

निवडण्याआधी बाहेर पडण्याची वाटही बघून ठेवा. २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲप्सवर मोठी फी लावली, जूनमध्ये हजारो कट्टे निषेधात बंद राहिले, तरी ३० जूनला अपोलो हे रेडिट वाचायचं ॲप बंद पडलंच. मॉडरेटर फुकट राबतात, निर्णय मालक घेतो. तिथे अकाउंट उडवलं तरी कमेंट राहतात, फक्त नाव जातं. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. ब्लूस्कायवर स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, हीच ओळख म्हणून वापरता येते, घेता आलं तर पहिल्या दिवशीच घ्या. आणि हॅकर न्यूजवर लिहिलेलं सुधारायला सुमारे दोन तासच मिळतात, म्हणून मी तिथली लांब कमेंट आधी साध्या नोटपॅडमध्ये लिहितो आणि ती प्रतही जपून ठेवतो.