घरचं बायपॅप, ८ महिन्यांनंतर: मशीन ठीक, कुशननं वैताग आणला

बायपॅप म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन. मास्कच्या कडेनं हवा निसटते, त्या लीकेजचा अलार्म रोज रात्री वाजायला लागला की डीलरचं उत्तर ठरलेलं: "मोटर गेली, मशीन पुण्याला पाठवावं लागेल." म्हणजे दहा-बारा दिवस पेशंट मशीनविना. इथं मोटर ठणठणीत होती. नाकाच्या हाडावर बसणारं सिलिकॉनचं कुशन सैल पडलं होतं, एवढंच. सुटं कुशन मागितलं तर म्हणे अख्खा मास्क घ्या. बोटभर रबरासाठी अख्खा मास्क!

पेशंट सीओपीडीचा (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार), मोड एसटी (पेशंटच्या श्वासाला साथ, तो थांबला तर मशीन स्वतः श्वास देतं), आयपॅप (श्वास घेतानाचं प्रेशर) २२, ईपॅप (सोडतानाचं) ५, बॅकअप रेट (मिनिटाला किमान श्वास) १४, रात्री ७-८ तास, जोडीला ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) मिनिटाला २ लिटरवर. हे आकडे रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासून लावलेले आहेत, उचलून दुसऱ्याला लावू नका.

कुशनवर एवढं का अडून बसायचं? श्वास कधी सुरू झाला, कधी संपला, हे मशीन हवेच्या प्रवाहावरून ओळखतं. लीकेज वाढलं की ती ओळख चुकते. पेशंट श्वास ओढतो तेव्हा प्रेशर चढत नाही, सोडायला जातो तेव्हा उतरत नाही. रात्रभर झगडा, आत कार्बन डायऑक्साइड साचलेला, सकाळी डोकं जड आणि माणूस गुंगीत. घरच्यांना वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, म्हणून कॉन्सन्ट्रेटर २ वरून ४ वर. नेमका घोटाळा इथंच होतो. अशा पेशंटला सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) ८८ ते ९२ पुरे. ९७-९८ वर नेऊन ठेवलं तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. सकाळची गुंगी वाढली, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध झालं, तर कॉन्सन्ट्रेटरच्या नॉबला हात न लावता दवाखाना गाठायचा.

स्क्रीनवरचा लीकेजचा आकडाही फसवा. काही मशीन मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवा धरून आकडा दाखवतात, काही ती वजा करून. पहिल्या प्रकारात मिनिटाला ४० लिटर दिसलं तरी घाबरायचं कारण नसतं, दुसऱ्या प्रकारात २४ च्या वर सतत राहिलं तर मास्क तपासायचा. आपलं मशीन कुठल्या प्रकारचं, हे घेतानाच विचारून ठेवा.

लीकेज दिसलं की सगळे पट्टे आवळतात. उलट होतं: कुशनची कड दुमडते, हवा डोळ्यात जाते आणि नाकावर जखम होते. पेशंटला झोपवा, प्रेशर चालू ठेवा, खालचे पट्टे सैल करा, मास्क जरा पुढं ओढून परत बसवा, मग दोन्हीकडून सारखं ओढा. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. कवळी काढल्यावर गाल बसतात, म्हणून झोपताना जशी असेल तशीच ठेवून माप घ्या.

फुसफुस आवाज येतो म्हणून त्या भोकांवर चिकटपट्टी लावणारेही आहेत. बाहेर टाकलेला श्वास त्यातूनच जातो! हॉस्पिटलमधून आलेला मास्क असेल आणि त्याचा नळी जोडायचा कोपरा निळा असेल, तर बहुतेकदा त्याला भोकंच नसतात. घरच्या एकनळी मशीनला तो तसाच जोडायचा नाही.

कुशन लवकर सैल पडायचं कारण घाम आणि चेहऱ्याचं तेल. रोज सकाळी कोमट पाणी आणि सौम्य साबण. स्पिरिट नको, व्हॅसलीन नको, गच्चीवरचं ऊन तर नकोच.

ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) म्हणजे पैसे लाटायचा डबा, असं जानेवारीपर्यंत ठाम मत होतं. मार्चनंतर ते मागं घेतलं. जळगाव-भुसावळच्या कोरड्या हवेत त्याच्याशिवाय तोंडाला कोरड पडते, कफ चिकट होऊन अडकतो. पण कूलरनं खोली गार झाली की नळीत पाणी साचून गुडगुडतं. तेव्हा लेव्हल एकनं कमी करा आणि मशीन डोक्यापेक्षा खाली ठेवा. बोअरचं पाणी उकळून घातलं तरी क्षार तसेच राहतात, तळाला पांढरा थर धरतो. डिस्टिल्ड वॉटर मेडिकलमधून आणा. बॅटरीच्या दुकानातलं नको, तिथं ॲसिडचे कॅन शेजारीच असतात.

बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत ३५ अंशांची मर्यादा लिहिलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५, म्हणजे मशीन कूलरच्या खोलीतच, पण तुषार उडणार नाहीत असं. जिनिंगच्या हंगामात फिल्टर दर आठवड्याला बघा, रुईची तंतुमय धूळ महिनाभर थांबत नाही.

१५० एएचच्या इन्व्हर्टरवर बायपॅप एकटं रात्र काढतं. कॉन्सन्ट्रेटर ३००-३५० वॅट ओढतो, तो जोडला की तीनेक तासांत बॅटरी बसते. त्यासाठी बी टाइप सिलिंडर हवा: साधारण १५०० लिटर, २ वर १२ तास. ऑक्सिजन नेहमी मशीन सुरू केल्यावर सोडायचा आणि मशीनच्या आधी बंद करायचा.

कुशन अखेर ऑनलाइन सुटं मिळालं. मास्कच्या चौकटीवर मॉडेल आणि साइज छापलेली असते, तीच टाकून शोधा. मशीनला ५ पैकी ४. सर्व्हिसला १, तोही फोन उचलतात म्हणून.