फॅटका-सीआरएस घोषणा: एका खासगी बँकेच्या अ‍ॅपवरील सेवा

जर्मनीतील नोकरी संपवून पुण्यात परतल्यावर करनिवासाचा देश (म्हणजे जिथले करदाते म्हणून आपण गणले जातो तो देश) बदलल्याचे बँकेला कळवणे आवश्यक होते. त्यासाठी एका खासगी बँकेच्या (नाव देत नाही) अ‍ॅपवरील ‘फॅटका-सीआरएस घोषणा’ ही सोय मी वापरली. फॅटका हा परदेशी खात्यांची माहिती मागणारा अमेरिकी कायदा, तर सीआरएस ही देशोदेशींच्या कर खात्यांनी एकमेकांना खात्यांची माहिती देण्याची व्यवस्था. ओटीपी टाकला की अर्ज सादर होतो आणि पोच लगेच ईमेलवर येते, कौतुक इथवरच.

अर्जात जन्मस्थान, करनिवासाचा देश आणि तेथील करदाता क्रमांक विचारला जातो, मात्र निवास कोणत्या तारखेपासून बदलला हे लिहिण्यासाठी रकानाच नाही. ही त्रुटी किरकोळ नव्हे. भारत २०१७ पासून सीआरएसच्या देवाणघेवाणीत सहभागी असून, परदेशात करनिवासी असलेल्या खातेदाराचे नाव, पत्ता, जन्मतारीख, खाते क्रमांक, ३१ डिसेंबरची शिल्लक आणि वर्षभरात जमा झालेले व्याज बँक फॉर्म ६१-बीद्वारे प्राप्तिकर खात्याला कळवते व तेथून ते संबंधित देशाकडे जाते. जुनी नोंद कायम राहिली, तर पुण्यात राहणाऱ्याची जमापुंजी जर्मन कर कार्यालयापुढे जाते आणि खुलासे करत बसण्याची पाळी त्याच्यावर येते. घोषणा स्वीकारल्याची पोच हाती असूनही माझ्या प्रोफाइलमध्ये ‘करनिवास: जर्मनी’ हेच दिसत राहिले. शाखेत उत्तर मिळाले, “सर, सिस्टिम घेत नाही, केवायसी नव्याने करा.”

गेल्या वर्षी माझ्या नावाने नेमके काय कळवले, याची प्रत मागितली असता “ते हेड ऑफिसचं काम आहे” असे सांगून विषय संपवण्यात आला. स्वित्झर्लंडमध्ये खातेदाराची माहिती प्रथमच पाठवायची असेल, तर त्या वर्षीच्या ३१ जानेवारीपर्यंत त्याला तसे कळवण्याचे बंधन वित्तसंस्थेवर कायद्यानेच आहे. आपल्याकडे वार्षिक माहिती विवरणातील (एआयएस) व्याजाच्या नोंदीवर ‘माहिती चुकीची’ असा अभिप्राय देता येतो; देशाबाहेर जाणाऱ्या माहितीसाठी मात्र बँकेने अशी कोणतीही खिडकी ठेवलेली नाही. २०१९ मध्ये बल्गेरियाच्या कर खात्यातून लाखो नागरिकांची माहिती चोरीला गेली होती, हे लक्षात घेता आपली कोणती माहिती बाहेर गेली ते पाहू देण्याची ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

पाचपैकी दोन तारे, तेही पोचेसाठी. अ‍ॅपच्या भरवशावर न राहता शाखेत छापील घोषणापत्र भरावे, निवास बदलल्याची तारीख त्यावर हाताने लिहावी आणि शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.