‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ : क्रोमच्या एका ओळीविषयी, वर्षभराच्या वापरानंतर

घरच्या विंडोज ११ लॅपटॉपवर मी वर्षभर क्रोम वापरत आहे. त्याचा वेग आणि तो खात असलेली मेमरी यांवर पुरेसे लिहून झाले असल्यामुळे हा अभिप्राय जवळजवळ संपूर्णपणे त्याच्या मेनूच्या तळाशी दिसणाऱ्या एका ओळीविषयी आहे.

मध्यंतरी पत्त्याच्या पट्टीत टाकलेला प्रत्येक शोध आधी भलत्याच संकेतस्थळावरून फिरून मग बिंगवर उघडू लागला. शोधयंत्र बदलण्याचा पर्याय करडा पडून बंद झाला होता आणि पीडीएफ रूपांतराचा दावा करणारे एक अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) यादीत बसले होते, ज्याचे काढून टाकण्याचे बटण दाबताच येत नव्हते. मेनूत ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असे लिहून आले होते. लॅपटॉप माझ्या पैशांचा आणि घरातला. त्याला संस्था कुठली?

दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे ठरलेले उत्तर मिळाले. धडधाकट विंडोज पुसून पुन्हा टाकण्यासाठी पैसे मोजणे मला अजिबात मान्य नव्हते.

प्रथम मी क्रोम रीसेट केला. बुकमार्क आणि पासवर्ड शाबूत ठेवून तो एक्स्टेन्शन बंद करतो व कुकी पुसतो, म्हणून मला ही सोय उत्तम वाटली होती. ते मत मी आता मागे घेते, कारण बाहेरून लादलेल्या धोरणाला (पॉलिसी, म्हणजे ब्राउझरवर सक्तीने लागू केलेल्या सेटिंगला) रीसेट हातच लावत नाही. खरा उलगडा पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘क्रोम://पॉलिसी’ लिहिल्यावर झाला. कार्यालयांना सर्व संगणकांवर एखादे एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावे म्हणून असलेली सोय मालवेअरने वापरली होती आणि त्या पानावर त्याच एक्स्टेन्शनचा बत्तीस अक्षरी ओळखक्रमांक स्पष्ट दिसत होता.

ही धोरणे विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवण्याच्या जागेत), ‘पॉलिसीज’खालील ‘गूगल’ आणि त्याखालील ‘क्रोम’ या नोंदीत असतात. बॅकअप घेऊन ती नोंद पुसली, तरी लॅपटॉप पुन्हा सुरू करताच ती परत हजर झाली. अखेरीस ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये अपडेटसारखे साळसूद नाव घेतलेले एक काम सापडले, ज्याच्या कृतीच्या रकान्यात पॉवरशेल (विंडोजमधले आज्ञा चालवण्याचे साधन) आणि ॲपडेटा या फोल्डरमधल्या एका स्क्रिप्टचा पत्ता होता. आधी ते काम आणि स्क्रिप्ट, मग रजिस्ट्रीतील नोंद, शेवटी एक्स्टेन्शन, या क्रमाने काढल्यावरच प्रकरण मिटले. त्यानंतर विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन चालवले, सिंक (उपकरणांमध्ये क्रोमची माहिती जुळवून ठेवणारी सोय) तपासले आणि दुसऱ्या उपकरणावरून ईमेल व बँकेचे पासवर्ड बदलून सर्व ठिकाणांहून लॉगआउट केले. चोरलेल्या लॉगिन-कुकीला (लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या नोंदीला) ओटीपी आडवा येत नाही, त्यामुळे ही पायरी टाळू नये.

कार्यालयाच्या लॅपटॉपवर ही ओळ स्वाभाविक असते आणि काही अँटिव्हायरसही ती आणतात, तेव्हा पॉलिसीचे पान वाचल्याशिवाय काहीही पुसू नका. एक्स्टेन्शन नावाजलेले आहे एवढ्यावरही विसंबू नये: लाखो लोकांच्या वापरातले ‘द ग्रेट सस्पेंडर’ मालकी बदलल्यानंतर गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये मालवेअर ठरवून बंद केले होते.

क्रोम मी सोडलेला नाही, पण एक तारा मात्र कापत आहे. विंडोजवरील क्रोममधले सफाईचे साधन २०२३ मध्ये काढून टाकण्यात आले. निदान घरगुती संगणकावर अचानक ‘संस्था’ उगवली, तर ब्राउझरने ते पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सांगावे आणि पॉलिसीच्या पानाचा दुवा तिथेच द्यावा.