बेसबॉलमध्ये हुकमी चेंडू टाकायचा, की बॅटरचा डाव वाचायचा?

कुस्त्या बघत वाढलेल्या कोल्हापूरच्या पोराला हा प्रश्न नवा नाही. खासबागेत एखादा पैलवान असा असतो, की त्याचा घिस्सा अख्ख्या मैदानाला ठाऊक असतो, तरी समोरचा त्यातच सापडतो. दुसरा आधी नुसती खडाखडी करतो, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते हेरतो आणि मग डाव टाकतो. कॉलेजच्या बेसबॉल टीमसाठी नव्यानं पिचिंग करणाऱ्यालाही, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्यालाही, या दोघांपैकी कुणासारखं व्हायचं, हे ठरवावं लागतं.

पहिल्या जातीचा बादशहा म्हणजे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क यांकीज संघाचा पिचर मारियानो रिव्हेरा. आयुष्यभर मुख्यतः एकच चेंडू, कटर, म्हणजे शेवटच्या क्षणी किंचित बाजूला सरकणारा वेगवान चेंडू. त्यावर 652 सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखून दिलेले सामने, आणि 2019 मध्ये एकूण एक मतं घेऊन हॉल ऑफ फेम. बॅटरला काय येणार ते माहीत असायचं, तरी बॅट नीट लागायची नाही. हे ऐकून आपली पोरं खूश होतात, पण एक गोष्ट विसरतात. रिव्हेरा बहुतेक वेळा शेवटच्या इनिंगला यायचा. एका सामन्यात एका बॅटरला तो सहसा एकदाच दिसायचा. आपल्याकडं एकच पिचर जवळजवळ सगळा सामना ओढतो आणि तोच बॅटर तीनदा समोर येतो. तिसऱ्या वेळी तुमचा हुकमी चेंडू त्याच्या ओळखीचा झालेला असतो. पण या रस्त्याचा फायदाही मोठा आहे. डोक्यात गोंधळ राहत नाही, हात मोकळा सुटतो.

दुसऱ्या जातीचा उस्ताद ग्रेग मॅडक्स. वेग काही डोळे दिपवणारा नाही, तरी 355 विजय आणि 1992 ते 1995 सलग चार साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान. बॅटर कशाची वाट बघतोय हे ओळखण्यात त्याचा हातखंडा. पण 5,008 इनिंगमध्ये त्यानं बेस ऑन बॉल्स, म्हणजे चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर टाकून दिलेले फुकटचे बेस, दिले फक्त 999. वाचलेलं जिथल्या तिथं टाकता येत होतं, म्हणून वाचन कामाला आलं.

आता वाचायचं म्हणजे नेमकं काय? माझ्या मते सगळ्यात खरं बोलतो तो फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका. उजव्या हाताच्या बॅटरनं तिसऱ्या बेसच्या बाजूला जोरदार फाउल मारला, तर तो चेंडूच्या आधी पोचतोय, त्याला हळू चेंडू द्या. पहिल्या बेसच्या बाजूला गेला, तर त्याला उशीर होतोय. मग वेगवानच टाकत राहा. मी कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागं बसून पिचरला खुणा करणारा, असताना इथंच शहाणपणा केला होता. फास्टबॉलला उशीर होणाऱ्या बॅटरला ‘फसवायला’ म्हणून चेंजअपची, म्हणजे फास्टबॉलसारख्याच दिसणाऱ्या हळू चेंडूची, खूण केली. त्याच्या बॅटला हवा होता तेवढा वेळ मीच आणून दिला. चेंडू कुंपणापाशी सापडला. पिचर काही बोलला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला.

मग काउंट, म्हणजे किती बॉल (चौकटीबाहेरचे चेंडू) आणि किती स्ट्राइक झाले तो हिशेब. दोन बॉल, शून्य स्ट्राइक असताना बॅटर वेगवान चेंडूची वाट बघत असतो. तिथं चेंजअप स्ट्राइकमध्ये टाकता आला तर सोनं, नाही आला तर तीन बॉल. तिसऱ्या बेसवर रनर आणि एकापेक्षा जास्त आऊट नसतील, तर रनरला घरी आणायला बॅटरला आउटफिल्डपर्यंत, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागापर्यंत, उंच फटका हवा असतो. त्याला खाली, गुडघ्यापाशी टाका. बॅटर कुठं उभा आहे, बॅट किती वर धरली आहे, हेही बघायचं, पण त्यावर फार विसंबू नका. पुष्कळ पोरं सवयीनंच तशी उभी राहतात, त्यात डाव-बिव काही नसतो.

या रस्त्याचा तोटा म्हणजे विचार. माउंडपासून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यापासून, बॅटरजवळची प्लेट साडेअठरा मीटरला थोडीशी कमी. ताशी 110 किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास तिथं पोचतो. हात सुटताना मनात शंका असली, की चेंडू मधोमध जातो आणि मग वाचलेलं सगळं पंचगंगेत.

म्हणून माझा कौल सरळ आहे. सरावात बाहेरच्या कोपऱ्यावर दहा चेंडू टाका. सहा लागत नसतील, तर तूर्त वाचायच्या भानगडीत पडू नका. तुमचा चांगला चेंडू खालच्या बाजूला टाकत राहा, फिल्डरवर भरवसा ठेवा. सहा लागतात, पण दुसरा चेंडू स्ट्राइकमध्ये पडत नाही? तरीही थांबा. बॅटरला उशीर होतोय की घाई, हे कळलं तरी ते बदलायला हातात दुसरं काही नाही. दोन्ही जमत असतील, तर बॅटरांच्या पहिल्या फेरीत हुकमी चेंडूवर खेळा आणि प्रत्येकाचे फाउल लक्षात ठेवा. डाव वाचायचा तो दुसऱ्या फेरीपासून.

आणि वाचायचं काम कॅचरकडं द्या. बॅटरचे पाय त्याला हाताच्या अंतरावर दिसतात. त्याची खूण पटली नाही, तर मान हलवा, दुसरी मागा. फक्त मनात नसताना हो म्हणून टाकू नका, भावा.